शेंदराखालचं साल

यंदा दसऱ्याला मुलानं नव्या गाडीसाठी शेंदराची वाटी पुढे केली. त्या तेलकट वासासरशी मी अमरावतीच्या आमच्या जुन्या घराच्या पोर्चमध्ये जाऊन उभी राहिले.

तोही दसराच होता. आई दवाखान्यात होती आणि तिच्या ऑपरेशनची सगळी भिस्त बाबांची जुनी विलायती मोटार विकली जाण्यावर होती. अकोल्याच्या शेठना एका ठरावीक सालाचंच मॉडेल हवं होतं. कागदपत्रं वाळवीनं खाल्लेली. साल कळणार ते फक्त बॉनेटखालच्या नंबराच्या पट्टीवरून, आणि त्या पट्टीला गाडीचं कपाळ समजून आईनं दर दसऱ्याला शेंदूर थापलेला.

"वकीलसाब, घासू नोका," रहीमचाचा मिस्त्री बाबांना म्हणाले. "रॉकेल लावून रातभर भिजू द्या. आकडे लय नाजूक हायेत."

पण शेठ दुपारीच येणार होते. बाबा पॉलिश पेपरनं घासत राहिले. आईच्या भोळेपणावर ते चिडलेत, असं मला तेव्हा वाटलं. आज कळतं, ती भीती होती.

शेंदूर निघाला, त्याबरोबर आकडेही. खाली पट्टी आरशासारखी कोरी होती. शेठ आले, तिच्यावरून बोट फिरवलं आणि अकोल्याला परत गेले.

संध्याकाळी दवाखान्यात आईची नजर बाबांच्या शेंदरी बोटांवर गेली. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"यंदा गाडीची पूजा तुम्ही केली?"

"हो," बाबा म्हणाले. "अगदी नीट केली."