सरकवलेली जहाजं

"थांब बे, पाणी पाहू दे." आमच्या सरांचं हे वाक्य ऐकून माझे कान किटले होते. आणि हे ते म्हणत कुठे, तर बुलढाण्याच्या कॉलेजात, कॉम्प्युटरसमोर बसून.

असा माणूस तुम्हीही पाहिला असेल: एकच काम दहादा तपासणारा आणि सोबतच्याला जीव नकोसा करणारा. ते भौतिकशास्त्र शिकवत, मी गणित. पीएच.डी.ला त्यांनी विषय घेतला होता की, जहाज पुढे गेल्यावर पाण्यावर जो माग उमटतो तो उपग्रहावरच्या रडारला कसा दिसेल, याचं गणित मांडून तशी चित्रं तयार करायची. ज्या गावात रेल्वेसुद्धा येत नाही तिथे जहाज! मी वैतागून विचारलं, तर म्हणाले, "मले जहाज कुठं पाह्यचं हाय? मले पाणी पाह्यचं हाय."

त्यापायी माझे रविवार डोणगावकडच्या एका तलावावर गेले. दोरीने होडी ओढायला मी, आणि काठावर उकिडवं बसून लाटा न्याहाळायला ते. सरांच्या घरून वहिनी माझ्यासाठी म्हणून ठेचा-भाकरी बांधून द्यायच्या, त्यातली अर्धी तेच खायचे.

मुदतवाढ घेता घेता शेवटची मुदत आली. निवृत्तीही त्याच वर्षी होती. प्रबंध बांधायला टाकायच्या दिवशी सर पुतणीच्या लग्नाला बीबी गावाला गेले आणि चित्रं छापण्याचं काम माझ्यावर आलं. पाहतो तर प्रत्येक चित्रात माग एकीकडे आणि जहाज भलतीकडे. मी कपाळाला हात लावला. फोन करावा तर पुन्हा 'थांब बे' ऐकावं लागणार. मजकूर वाचायचा मला कंटाळा आला होता. सगळी जहाजं उचलून मी आपापल्या मागाच्या तोंडाशी नेऊन ठेवली आणि प्रबंध बांधायला टाकला. त्यांना न सांगता.

तोंडी परीक्षेला बाहेरून एक प्राध्यापक बाई आल्या होत्या. त्यांच्या बोलण्यातून मला कळलं, की चालतं जहाज रडारच्या चित्रात आपल्या मागापासून बाजूला सरकलेलंच दिसतं. त्या अंतरावरूनच सरांनी जहाजांचे वेग काढले होते, आणि छापलेल्या चित्रांत ते अंतरच नव्हतं.

"मग हे आकडे आले कुठून?" बाईंनी विचारलं.

सरांनी पानं उलटली. एकदा मागच्या रांगेत, माझ्याकडे पाहिलं.

"चूक माझी आहे, मॅडम. छापलेली चित्रं मी पाहायला हवी होती."

प्रबंध परत आला. पुन्हा सादर करायला मुदत उरली नव्हती. सर 'डॉक्टर' न होता साधे सर म्हणूनच निवृत्त झाले.

तोंडी परीक्षेच्या दिवशीच, परतताना बस स्टँडवर मी बोलायला तोंड उघडलं, तर त्यांनी अडवलं. "राहू दे बे. तुले माह्या कामाचा कंटाळा आला होता, मले ठाऊक होतं." एवढंच बोलून ते एसटीत चढले. मला त्यांचा फार राग आला. चारचौघांत शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

गेल्या साली ते गेले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनींनी चहा दिला आणि समोर बसल्या.

"भाऊजी, तुम्ही तर संगंच होते, म्हणून इचारते. हे एकेक चित्र दहा-दहा डाव पाह्यचे. मंग यांच्या हातून अशी चूक झाली काऊन?"

मी कप खाली ठेवला.

"होते कधी कधी, वहिनी," मी म्हणालो.