आप्पांच्या आवाजाचा जामीन

१२ एप्रिल १९७६, सोमवार. जागा दौंडची तहसील कचेरी. रक्कम एक हजार रुपये. हजर तहसीलदार, अव्वल कारकून, फौजदार, कर्णेवाले आप्पा आणि जामीनदार म्हणून मी. कारकुनाने आप्पांचे नाव पुकारले. आप्पा "हजर" म्हणाले, पण इतके हळू, की कारकुनाने मान वर करून पुन्हा विचारले. फौजदारांना हसू आले. ज्यांचा आवाज दौंडपासून वरवंडपर्यंत पोरासोरांना ओळखू येई, त्यांचा आवाज त्या दिवशी टेबल ओलांडून पलीकडे गेला नाही.

आप्पा मूळचे शिरूरचे. लाउडस्पीकर भाड्याने देणे आणि त्यावरून दवंडी देणे हा त्यांचा धंदा. एक मशीन, एक बॅटरी आणि पत्र्याचा मोठा कर्णा एवढे सामान टांग्यात घालून ते बाजाराच्या गावांना फिरत. लग्न, तमाशा, लस टोचायला येणारी गाडी, हरवलेली म्हैस, सगळे त्यांच्या तोंडून गावाला कळायचे. आमच्या खरेदी-विक्री संघात खताची वॅगन आली की तेही तेच सांगत. मी संघाचा हिशेबनीस, म्हणून मजकूर मी लिहून देई. मला ते भाऊसाहेब म्हणत. चौदा एप्रिलच्या जयंतीची वर्दी मात्र ते कोणी न सांगता, अंघोळ करून, पांढरा सदरा घालून देत. त्या एका दवंडीचा मालक आपण स्वतः आहोत, असे ते म्हणत.

बाकी प्रत्येक दवंडीला त्यांना दुसरा मालक लागे. सव्वा रुपया आधी आणि नाव आधी, हा त्यांचा नियम. मी पहिल्यांदा खताचा मजकूर दिला तेव्हा त्यांनी तो वाचून परत माझ्यापुढे ठेवला.

"खत आलं, खरं हाय. पर सांगतंय कोण?"

मी म्हटले, संघ सांगतोय, सगळ्यांना ठाऊक आहे.

"ठाऊक असंल तर लिवायला काय हरकत हाय?"

मी नाव लिहिले. प्रत्येक दवंडीच्या शेवटी ते थोडे थांबत, दम घेत आणि म्हणत, "हुकूम कुणाचा?" मग आपणच उत्तर देत. खत संघाचे, लस दवाखान्याची, म्हैस अमक्या तमक्या पाटलाची. ऐकणाऱ्यांनाही त्याची इतकी सवय होती, की बायका भांडी घासता घासता तेवढ्या शब्दांपुरता हात थांबवायच्या.

हा नियम मार खाऊन आलेला होता. शिरूरला असताना कोणी तरी त्यांना चिठ्ठी दिली, उद्या कांद्याचा लिलाव बंद आहे. आप्पांनी ती जशीच्या तशी ओरडून सांगितली. गावोगावच्या गाड्या घरीच थांबल्या, बाहेरचे व्यापारीही आले नाहीत. लिलाव झाला, आणि ज्या चार गाड्या आल्या होत्या त्यांचा माल कोणी मातीमोल भावाने उचलला. दुसऱ्या दिवशी लोक आप्पांच्या दारात आले. चिठ्ठी कोणाची हे आप्पांना सांगता येईना. "आवाज माझा व्हता, म्हणून मार मी खाल्ला," एवढेच ते सांगत. त्यानंतर ते दौंडला आले आणि बिननावाची दवंडी त्यांनी कधी दिली नाही.

आणीबाणीत त्यांचा धंदा अर्ध्यावर आला. सभा बंद, मिरवणुकीला परवाना, तमाशाला परवाना. त्याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. १९७६च्या मार्चमध्ये, वरवंडच्या बाजाराच्या दिवशी, फौजदारांनी त्यांना टांगा थांबवायला लावून एक कागद दिला. पाच किंवा अधिक माणसांनी एकत्र जमू नये, सभा घेऊ नये, जमल्यास कारवाई होईल. खाली सही नव्हती, हुद्दा नव्हता. आप्पांनी विचारले, नाव कोणाचे सांगू? फौजदार म्हणाले, हुकूम हा हुकूम असतो, त्याला नाव कशाला पाहिजे. आप्पांनी सव्वा रुपयाही मागितला, तो मिळाला नाही; पण पोलिसांना नाही म्हणायची सोय नव्हती.

मी त्या दिवशी संघाच्या कामाने वरवंडात होतो, म्हणून पुढचे मी पाहिलेले सांगतो. आप्पांनी मजकूर शब्द न चुकता वाचला. भर बाजारात माणसाला माणूस लागलेला. एक भाजीवाली म्हणाली, "आप्पा, मंग बाजार उठवू का? माझ्या पाटीपाशीच सात जणी हायत." लोक हसले. इथे आप्पा गप्प बसले असते तर काही झाले नसते. पण इतक्या वर्षांची सवय. ते थांबले, दम घेतला आणि कर्ण्यातून म्हणाले, "हुकूम कुणाचा?" मग जे होते तेच त्यांनी सांगितले. "हुकमावर नाव न्हाई. मी इचारलं, मला सांगितलं न्हाई."

फौजदारांनी कर्ण्याची वायर उपटली.

आप्पांना ठाण्यावर नेले. मी मागोमाग गेलो. फौजदार वाईट माणूस नव्हते. रागाचा भर ओसरल्यावर त्यांनी मला बाजूला घेतले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "अहो, वरून फोन आला. वरचा कोण ते मलाच माहीत नाही, यांना काय सांगू? आता हे मी पोटात घातलं तर उद्या मला विचारतील." त्यांनी जमेल तेवढे सौम्य केले. आप्पांना कोठडीत न टाकता त्यांच्यावर चॅप्टर केस घातली. म्हणजे गुन्हा शाबीत नाही, शिक्षाही नाही. हा माणूस शांतता बिघडवील असा संशय आहे, तेव्हा वर्षभर नीट वागेन असे त्याने लिहून द्यायचे, आणि त्याच्यासाठी दुसऱ्याने जामीन राहायचे. तो बोलला तर दुसऱ्याचे पैसे जप्त.

तो दुसरा मी. घरपट्टीची पावती जोडली, सही केली. तहसीलदार मला समजावत म्हणाले, "जामीनदाराचं काम नुसतं सही करायचं नसतं. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं." त्या वेळी मी मान डोलावली. हजार रुपये म्हणजे माझ्या तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक होते. बायकोने घरी एकच विचारले, "आप्पा बोलल्याशिवाय राहतील का?"

सामान आप्पांना परत मिळाले होते. ते त्याच संध्याकाळी टांगा घेऊन आमच्याकडे आले. मशीन कॉटखाली सरकवले, कर्णा आतल्या खोलीत खुंटीला टांगला. "जामीन तुमचा, वस्तू तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या. माझ्याकडं असली तर हात जाईल," म्हणाले. मी नको म्हणत होतो, त्यांनी ऐकले नाही. दोन दिवसांनी जयंती होती. त्या वर्षी वर्दी कोणी दिली मला आठवत नाही. आप्पांनी दिली नाही, एवढे आठवते.

मग त्यांनी पोटासाठी मालधक्क्यावर पोत्यांना शिवण घालायचे काम धरले. सुई-सुतळीच्या कामाला बोलावे लागत नाही, हे त्यांनीच मला सांगितले. स्टेशनासमोरच्या हॉटेलात चहा मागताना ते बोट वर करत. बाकावर चौघे बसलेले असले तर बसत नसत. पाचवा यायला लागला की आपला कप उचलून रस्त्यावर उभे राहत. लोक चेष्टा करायचे, "आप्पा, बसा की, आम्ही फौजदाराला सांगत न्हाई." आप्पा हसायचे आणि उभेच राहायचे.

दर रविवारी ते आमच्याकडे येत. पाणी पीत आणि म्हणत, "ह्या आठवड्यात काय बोललो न्हाई, भाऊसाहेब." मी कधी हजेरी मागितली नव्हती. असे करू नका म्हणून सांगितले, तरी ते पुढच्या रविवारी येत. एकदा आमच्याच दारात शिंप्याशी त्यांचा बटणांवरून वाद झाला आणि आवाज जरा चढला. बायको आतून म्हणाली, "आप्पा, हळू." ती शेजारच्या आजाऱ्यासाठी म्हणाली होती. आप्पांनी शिंप्याचे म्हणणे मान्य केले, पैसे दिले आणि निघून गेले. बायको त्या दिवशी जेवली नाही. नंतर म्हणाली, त्या तहसीलदारसाहेबांनी आपल्याच घरात चौकी बसवली.

जानेवारीत निवडणूक जाहीर झाली. सभा मोकळ्या झाल्या. दोन्ही बाजूंच्या लोकांनी आप्पांना शोधून काढले. भांडगावपासून शिरूरपर्यंतचा प्रचार, महिनाभराचे काम, रोजची मजुरी. एका बाजूने नवा कर्णाही देऊ केला. आप्पांनी दोघांना हात जोडले. मला ते कळले तेव्हा मी मालधक्क्यावर गेलो आणि म्हणालो, आप्पा, आता कोण विचारणार आहे? बोला.

ते सुतळी ओवत म्हणाले, "अकरा एप्रिलपतूर सही हाय तुमची. तवर आवाज बी तुमचा."

"मग मीच सांगतो ना, बोला."

"तुम्ही सांगून काय उपेग? जप्ती आली तर तुम्हीच देणार. मोकळीक द्यायचं तुमच्या हातात न्हाई, तवा आवाज तुमचा बी न्हाई म्हणायचा. कुणाचा हाय, तेच तर वर्षभर कळंना मला."

मार्चमध्ये निकाल लागला, आणीबाणी उठली. पेढे वाटले गेले. मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून तहसील कचेरीत गेलो. अव्वल कारकून तेच होते. त्यांनी माझे ऐकून घेतले आणि शांतपणे सांगितले, "आणीबाणी उठली साहेब, जामीन उठला नाही. हे कलम आणीबाणीचं नाहीच. ते आधीपासून आहे, आणि पुढंही राहणार." मी बाहेर आलो तेव्हा स्टेशनाच्या दिशेने फटाके वाजत होते. मी तोवर समजत होतो, की आम्हाला अडकवणारी गोष्ट दिल्लीत होती.

१२ एप्रिल १९७७च्या सकाळी आप्पा टांगा घेऊन दारात उभे. पांढरा सदरा, टांग्यात भरलेली बॅटरी. त्यांनी कॉटखालचे मशीन टांग्यात ठेवले, खुंटीवरचा कर्णा काढला, बायकोने त्यावर घातलेले फडके घडी करून तिच्या हातात दिले. शिरूरच्या मंडळींनी जयंतीला बोलावले होते, आणि ते कायमचेच तिकडे निघाले होते. जाताना माझ्यापुढे हात केला.

"सव्वा रुपया काढा."

मी विचारले, कशाचा?

"दवंडी तुमची हाय. सांगा मजकूर."

मी उभ्या उभ्या सांगितला. चौकात टांगा थांबवून, मशीन तापेपर्यंत वाट पाहून आप्पा बोलू लागले. पहिले दोन शब्द खरखरले, मग आवाज मोकळा झाला. ऐका हो ऐका, कर्णेवाले आप्पांचा जामीन काल संपला, जामीनदाराकडे सरकारचे देणे राहिले नाही, आप्पा आजपासून बोलायला मोकळे. मग ते थांबले. दम घेतला. समोरच्या दारातली बाई भांडे हातात धरून थांबली.

"हुकूम कुणाचा?"

आणि त्यांनी माझे नाव घेतले. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, संघातल्या हुद्द्यासकट, पूर्ण चौकभर. मी पटकन मागे वळून ठाण्याच्या दिशेला पाहिले. कोणी नव्हते. तरी टांगा वळणाआड जाईपर्यंत मी तसाच पाहत राहिलो.

जामिनाच्या हजार रुपयांपैकी सरकारला काही द्यावे लागले नाही. सव्वा रुपया आप्पांना दिला.