ओठ हलवायला नकार

कतारमध्ये फुटबॉल वर्ल्ड कपची तयारी जोरात होती तेव्हा मी तिथे मेसईदच्या खत कारखान्यात मेंटेनन्स इंजिनिअर होतो. बेस गिटार ही कॉलेजपासूनची खोड. दर गुरुवारी संध्याकाळी बसने दोह्याला जायचं आणि द पर्ल बेटावरच्या एका हॉटेलात रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, वाजवायचं. आमचा गायकही तिथलाच. पन्नाशीचा, डोक्याचा तुळतुळीत गोटा.

डोंगरातल्या चर्चमध्ये तो आईशेजारी उभा राहून गायला शिकला. पुढे किंग्स्टनला दुसऱ्यांच्या रेकॉर्डवर कोरस, मग क्रूझची जहाजं, मग दुबई, मग दोहा. स्वतःची गाणी ढीगभर होती, पण ती कुणी मागितलीच नाहीत.

वर्ल्ड कपच्या पाहुण्यांच्या स्वागताच्या कार्यक्रमासाठी एका इव्हेंट कंपनीने आम्हाला दोह्यातल्या मुशैरिब भागातल्या ऑफिसात बोलावलं. मॅनेजरने टेबलावर जटांचा विग ठेवला.

"हा घाल. गाणं रेकॉर्डेड वाजेल, तू फक्त ओठ हलव."

"माझे आजोबा खऱ्या जटा ठेवायचे," गायक म्हणाला. "पोलिसांनी धरून भादरलं त्यांना. ते रास्ताफारी, जटा हा त्यांचा धर्म होता. मी हे डोक्यावर घेऊन नाचणार नाही."

"अरे, पण तू जमैकन दिसायला नको?"

"जमैकन आहे मी. अजून कसा दिसू?"

मॅनेजर माझ्याकडे वळला. "मग तू घाल. तुझा रंग चालून जाईल."

माझी कानशिलं तापली. गिटार मी खोळीत घातली, चेन ओढली आणि म्हटलं, "माझा रंग माझ्याकडेच राहू दे."

"खलास," गायक म्हणाला. "यल्ला, ब्रदर, चल."

त्याच कंपनीकडे हॉटेलचंही काम होतं. आमचे गुरुवार बंद झाले. काम गेलं की व्हिसाही जाईल ही धाकधूक गायकाला होती, पण त्याने कुणाला फोन करून माफी मागितली नाही. शाळा पालथ्या घातल्या आणि एका शाळेत संगीतशिक्षक झाला.

मी मराठी मंडळाच्या बैठकीत त्याचं नाव सुचवलं. "आपल्या कार्यक्रमात रेगे?" एक काका म्हणाले. मी म्हटलं, "हो, आणि तेही त्याचं स्वतःचं." बरीच वादावादी झाली. शेवटी अर्धा तास मिळाला.

कारखान्याच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये समोर आमची कुटुंबं, मागे उभे बीड-लातूरकडचे वेल्डर आणि ड्रायव्हर. कुणीतरी ओळखीच्या गाण्याची फर्माईश केली.

"ती गाणी मी तीस वर्षं गायलो," तो माइकवर म्हणाला. "आज माझी ऐका."

पहिल्या गाण्याला टाळ्या तुरळकच पडल्या. त्याने लगेच दुसरं सुरू केलं, आवाज आणखी चढवून. तिसऱ्याला मागून ठेका धरल्याचा आवाज आला. त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली आणि चौथं, यादीत नसलेलं, सुरू केलं.