डांबराच्या टाकीपाशी

रस्त्यांवरच्या दिव्यांसाठी गॅस बनवणाऱ्या कारखान्यात तो भट्टीत कोळसा टाकायचा. वस्तीतली पोरं त्याला डांबरमामा म्हणत. घासून घासूनही अंगाचा वास जात नसे, म्हणून त्यालाही ते नाव मान्य होतं. बायको होती तोवर ती मला अंधारात नाकाने ओळखायची, असं तो हसून सांगे.

डांग्या खोकल्यावर डांबराची वाफ हाच उतारा, अशी वस्तीची पक्की समजूत. पाळी सुटायच्या वेळी आया खोकणारी मुलं घेऊन फाटकाशी येत. मामा त्यांना आत घेई आणि कोळशातून निघणारं डांबर साठवायच्या गरम टाकीपाशी उभं करी. बरीच मुलं बरी होत. खोकला आपल्या वेळेने जाई, श्रेय मामाला मिळे. ज्यांची मुलं दगावत, त्या आया पुन्हा फाटकाशी येत नसत. आपल्या हाताला गुण आहे, असं मामालाही वाटू लागलं होतं.

मग त्याच्या विधवा लेकीच्या मुलीलाच खोकला लागला. पोर खोकता खोकता निळी पडायची. हिला या धुरातून हलवा, असं डॉक्टरांनी बजावलं. शहराबाहेर मामाची बहीण राहत होती. लेकीने बोचकंही बांधलं. मामाला ते लागलं. अख्ख्या वस्तीची पोरं मी बरी केली आणि माझीच नात हवा बदलायला जाणार, लोक तोंडात शेण घालतील, असं तो म्हणाला.

"बाबा, तिच्यात आता जीव राहिला नाही."

"म्हणूनच म्हणतो. थोडे दिवस दे मला."

लेकीने बोचकं सोडलं.

रोज संध्याकाळी तो नातीला खांद्यावर घेऊन टाकीपाशी उभा राही. मोठा श्वास घे म्हटलं की ती शहाण्यासारखा घेई. "आजोबा, इथे तुमचा वास येतो," असं ती एकदा म्हणाली. पुढच्या आठवड्यात ती गेली.

तेच बोचकं पुन्हा बांधून लेक आत्याकडे राहायला गेली.

मामा कामावर जातच राहिला. एका संध्याकाळी पोराला कडेवर घेऊन एक धोबीण फाटकाशी आली. त्याने कडी काढली नाही.

"स्वतःच्या नातीला रोज नेत होतात," ती म्हणाली. "आमच्याच पोराचं वावडं?"

"तिला नेत होतो म्हणूनच नको म्हणतो. घरी जा, बाई."

दुःखाने म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, असं समजून ती कारखान्याच्या मागच्या बाजूला गेली. तिथे धूर भिंतीवरून खाली उतरत असे. पोराला उंच धरून ती उभी राहिली. आत कोळसा ओढणाऱ्या मामाला त्याचा खोकला ऐकू येत होता.