विहारातला भोंगा

वर्षावासाचे, म्हणजे पावसाळ्यातले, तीन महिने आमच्या बुद्धविहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. एक जण वाचतो, थोडे लोक समोर बसतात आणि बाकीचं गाव छतावरच्या भोंग्यातून ऐकतं. भाकरी थापताना, धार काढताना, ओट्यावर बसून. त्या वर्षी पहिल्याच आठवड्यात अॅम्प्लिफायरमधून जळका वास आला आणि भोंगा गप्प झाला. वाचायची पाळी माझी होती. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, जोडाक्षर आलं की अडखळते. मला हायसंच वाटलं.

तरुण मंडळाने वर्गणी काढून बुलढाण्याहून चाकांचा स्पीकर आणला. रंगीत दिव्यांचा, कमरेइतका उंच. विहारात आवाज असा घुमला की सगळे खूश. त्याला भोंग्याची वायर जोडायची सोय नव्हती, पण ते कोणाच्या लक्षातही आलं नाही.

"आता त्या जळक्या खोक्याले भंगारात देऊन टाका," विहाराचे अध्यक्ष म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी आत्याकडे जेवणाचा डबा घेऊन गेले. आत्या म्हणजे वडिलांची मोठी बहीण. दोन गल्ल्या पलीकडे राहते. पडून कंबर मोडल्यापासून ती खाटेवरच असते. तिला वाचता येत नाही, पण त्याआधी दर वर्षावासात पहिल्या रांगेत बसून तिने सगळा ग्रंथ ऐकलेला. त्या संध्याकाळीही ती पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून, खाटेवर ताठ बसली होती. विहाराकडून नुसतं धुम धुम ऐकू येत होतं.

"कोणाची वरात हाय वं?"

"वाचन चाललंय, आत्या."

"हे वाचन हाय?" तिने थोडा वेळ कान दिला. "काय वाचून राह्यले मंग?"

मी काल ऐकलेलं दोन वाक्यांत सांगितलं. तिने डबा बाजूला सरकवला. "इतकंच? आन बाकीचं?"

घरी येताना मला एवढंच दिसत होतं की आवाज चांगला आहे असं म्हणणारे सगळे आत बसलेले होते.

पुढच्या दिवशी विहारात वंदना संपल्यावर मी उभी राहिले. "अॅम्प्लिफायर भंगारात देऊ नका. मी दुरुस्त करून आणते."

मागून कोणीतरी म्हणालं, "अबे, हे पोट्टी बोलते बी?" हशा झाला.

"पुराना झाला तो, बाई," अध्यक्ष म्हणाले. "पार्ट भेटत नाही त्याचे."

"नाही मिळाले तर परत आणून ठेवीन."

बुलढाण्याच्या दुकानदाराने खोकं उघडलंच नाही. नवीन घ्या म्हणाला. मी ते उचललं आणि खामगावची एसटी पकडली. खोकं मांडीवर, पाय बधिर.

"काय हाय वं यात, भांडे?" कंडक्टरने विचारलं.

"अॅम्प्लिफायर."

"वाजते का?"

"वाजेल."

खामगावच्या मेकॅनिकने झाकण काढलं. आत वाळलेली पाल चिकटली होती. "ट्रान्सफॉर्मर जळला. नवा गुंडाळा लागते. उद्या या."

"मी बसते."

"अख्खा दिवस जाईन, ताई."

"जाऊ द्या."

त्याने एक स्टूल माझ्याकडे सरकवलं. मला एरवी अनोळखी माणसासमोर चहाही पिता येत नाही. त्या दिवशी मी तिथेच डबा उघडून जेवले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भोंगा लागला. वाचायला मीच बसले. माझाच आवाज छतावरून गावभर जाताना ऐकू येत होता आणि मी पान कधी संपतं याची वाट पाहत होते. वाचन संपताच आत्याकडे गेले.

"ऐकू आलं?"

"आलं. तू काऊन एवढी पयत होती? मांगं कोणी लागलं होतं का? उद्या दमानं वाच." मग लुगड्याचा पदर सारखा करत म्हणाली, "आन मधातलं राह्यलं ते?"

पुढच्या दिवशी मी ग्रंथातली खूण काढली आणि भोंगा बंद पडला होता त्या पानापासून सुरुवात केली.

"अवं, हे झालं वाचून," समोरून आवाज आला.

"आत्याचं राहिलंय," मी माइकवरच म्हणाले आणि पुढचं जोडाक्षर सावकाश फोडून वाचलं.