योगराजच्या नावाचं बोट

रावेर तालुक्यात लोक केळीचे कंद शेजाऱ्याच्या बागेतून मागून आणत, त्या काळात चुडामणने टिशूची रोपं लावली. प्रयोगशाळेत बाटलीत वाढलेली, वीतभर उंचीची. "बाटलीत कुठं केयी व्हते का?" म्हणून गाव हसलं. मग पुढच्या वर्षी सगळ्या बागेनं एकदम घड टाकले, एकासारखा एक. हसणारेच बांधावर येऊन उभे राहिले. तेव्हापासून तो टिशूवाला चुडामण. कुणीही विचारलं तरी तो समजावून सांगे: एका चांगल्या झाडाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातून हजार रोपं. "हजार झाडं नही रे भो. एकच झाड, हजार ठिकानी उभं."

हे वाक्य तो वीस वर्षं अभिमानानं बोलत आला. यंदा चैत्रात तेच त्याच्यावर उलटलं.

त्याचा मुलगा योगराज दिवाळीनंतर वारला. सत्तावीस वर्षांचा. दीपनगरला वीज केंद्रात कामाला होता. हृदयाचा स्नायूच ढिला पडत चालला होता. डॉक्टरांनी पुण्यापर्यंत पाठवलं, औषधं झाली, काही उपयोग झाला नाही. पुण्यात असताना त्यानं संशोधनासाठी दोन नळ्या रक्त दिलं होतं आणि कागदावर सही केली होती. चुडामण शेजारीच बसला होता. नंतर तो ते विसरला.

चैत्रात संघमित्रा आली. मूळची भुसावळची, पुण्यात संशोधन करणारी. सुट्टीला घरी आली होती, तिथून मुद्दाम इकडे आली. ज्यानं रक्त दिलं तो गेला, तेव्हा काम पुढं चालू ठेवायचं तर घरच्यांना विचारायला हवं, म्हणाली. खाटेवर बसून तिनं सगळं सांगितलं. रक्तातल्या पेशी घेतल्या, त्यांना मागं नेलं, इतकं मागं की त्यांचं काहीही होऊ शकेल. मग त्यांच्यापासून हृदयाच्या स्नायूच्या पेशी केल्या. तिनं मोबाईल पुढं केला. काचेच्या बशीत करड्या दाण्यांचा एक थर. आणि तो थर आकसत होता, सुटत होता, पुन्हा आकसत होता.

"हे धडधडतंय?"

"हो आबा."

"कोनाचं?"

"योगराजच्या पेशींपासून झालेलं. त्याचा आजारही त्यात आहे, म्हणून तर उपयोग. हे बघा, मधेच अडखळतं."

दुसरा कुणी असता तर त्याला काहीच कळलं नसतं आणि तो सुखी राहिला असता. चुडामणला सगळं कळलं. जुनी बाग तोडून टाकतात, पण बाटलीत तुकडा असेल तर झाड गेलेलं नसतं. मग तापीकाठी जे जाळलं, ते काय होतं?

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, सहा दिवसांवर आली होती. आखाजीला घागर भरायची आणि उंबरठ्यावर कुंकवाचं एकेक बोट ओढत पितरांची नावं घ्यायची. त्या घरात हे काम पुरुषाचं. त्याच्या बायकोनं, शेवंताबाईनं, नवी घागर आणून ठेवली होती.

"पोरगं सहा महिन्यांपासून तहानलेलं आहे," ती म्हणाली. "औंदा त्याच्या नावाचं बोट वढा."

"जित्या मानसाचं बोट नही वढत."

"जिता?" ती भांडी घासत होती, हात तसेच राहिले. "तुमी त्याले फोनात पाह्यलं. मी मांडीवर पाह्यलं."

फोनातल्या धडधडीची गोष्ट गावभर झाली. केळीचा ट्रक भरताना गावातल्या सुकदेवनं सगळ्यांसमोर विचारलं, "चुडामनभाऊ, पोरगं पुन्याले कामाले लागलं म्हनता. सुट्टी भेटते का त्याले?" माणसं हसली. चुडामणला राग आला नाही. सुट्टी मिळते का, याचाच तो विचार करत राहिला.

संध्याकाळी त्यानं संघमित्राला फोन लावला.

"ताई, त्याचा पुढं मानूस व्हईल का?"

"नाही आबा. तो नुसता स्नायू आहे. त्याला काही कळत नाही, दुखत नाही."

"पन जिता आहे."

"पेशी जिवंत आहेत. योगराज नाही."

"त्याले पानी लागतं?"

"एक द्रव असतो, दर दोन दिवसांनी बदलतो आम्ही. नाहीतर त्या मरतात." मग हळूच, "आबा, तुम्हाला नको असेल तर आम्ही थांबवू. तुमच्या शब्दावर आहे."

म्हणजे तिकडेही तो आजारीच होता, आणि आता त्याचं दुसरं मरण चुडामणच्या शब्दावर आलं होतं.

आखाजीच्या सकाळी घागर मांडली, तिच्यावर लहान मडकं, त्यावर खरबूज आणि रव्याची गोड सांजोरी. चुडामण उंबरठ्याशी बसला. पहिलं बोट आजोबाचं, मग बाप झुलालचं, मग आईचं. चौथ्यांदा बोट कुंकवात बुडालं आणि हवेतच राहिलं. ऊन उंबरठ्यापर्यंत आलं. शेवंताबाई जवळ येऊन बसली. मग तिनं त्याचं मनगट धरलं आणि बोट खाली टेकवलं. नाव तिनंच घेतलं. त्यानं फक्त पाणी सोडलं.

पितरांचा घास निखाऱ्यावर पडला, धूर झाला. ती आत गेली, तेव्हा त्यानं ओट्यावर येऊन फोन लावला.

"चालू ठेवा, ताई. बंद नका करू."

"बरं, आबा."

"पन आज आमी त्याचं बोट वढलं. पानी सोडलं." ती भुसावळची, आखाजी तिला सांगावी लागत नव्हती. "चुकलं का माह्यं?"

"ते मला नाही सांगता येणार, आबा."

"मलेबी नही," तो म्हणाला. "आबा, आहात ना?" तिनं फोनवर विचारलं. आतून शेवंताबाई ताट वाढलंय म्हणून हाका मारत होती, आणि आधी कुणाला 'हो' म्हणायचं ते त्याला कळेना.