लाकडी झोपडीच्या पायरीवरच्या बाई

आधीच सांगते, आमच्या घरात लिंबू-मिरची फक्त फ्रिजमध्ये असते, दाराला कधी टांगलेली नाही. बाबांची सगळी नोकरी चिंचवडच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये गेली. मोजून बघितल्याशिवाय कशावर विश्वास ठेवायचा नाही, असा त्यांचा खाक्या, आणि मी त्यांचीच मुलगी. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचताना मीसुद्धा आजवर "वारा असेल, डोळा लागला असेल" असंच मनात म्हणत आलेय. आता मीच लिहायला बसलेय... हसलात तरी चालेल.

मी मेलबर्नच्या एका युनिमध्ये मास्टर्स करते. टुंड्रा म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उत्तर ध्रुवाकडचा भाग येतो, पण तशीच बुटकी, जमिनीला चिकटून वाढणारी झाडंझुडपं इथे व्हिक्टोरिया राज्यात, बोगाँग हाय प्लेन्स या डोंगरपठारावरही आहेत. तिथल्या गवतावर आम्ही पारदर्शक प्लास्टिकच्या, वरून उघड्या पेट्या ठेवल्यात. आतली हवा जराशी गरम राहते. मग दर उन्हाळ्यात गुडघ्यांवर बसून मोजायचं — पेटीच्या आत किती फुलं आली, बाहेर किती. हवामान बदललं की या झाडांचं काय होईल, ते त्यावरून थोडंफार कळतं.

गेल्या जानेवारीत, म्हणजे इथल्या उन्हाळ्यात, आई-बाबा मेलबर्नजवळ पॉइंट कुकला दादाकडे आले होते. वहिनीचं बाळंतपण, मुलगी झाली होती. आईला क्षणाची फुरसत नव्हती आणि बाबांना काही कामच नव्हतं. सकाळी दादाच्या कॉलनीत तीन चकरा, समोरच्याला "मॉर्निंग" नि "नो वरीज", इंग्रजी संपलं. शेवटी मीच म्हटलं, "बाबा, चला माझ्याबरोबर फील्डवर. चार दिवस." युनिचा व्हॉलंटियरचा फॉर्म त्यांनी दोनदा वाचून सही केली.

आम्ही तिघं होतो. मी, बाबा आणि माझी फील्ड-पार्टनर इस्ला, बेंडिगोची मुलगी, शेतकऱ्याच्या घरातली. पहिले दोन दिवस बाबा आमच्याबरोबर वर बसून गवताची उंची मोजत होते. पट्टी कशी धरायची यावरून त्यांनी इस्लाला खुणांनीच फैलावर घेतलं, आणि तिला ते फार आवडलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा उजवा गुडघा सुजला. म्हणून त्यांना खाली, पूर्वीच्या गुराख्यांनी बांधलेल्या लाकडी झोपडीपाशी बसवलं आणि आम्ही दोघी वर खिंडीत गेलो. अंतर साधारण अर्धा किलोमीटर, पण सगळा चढ. वरून झोपडीची पायरी दिसायची, माणूस ठिपक्याएवढा.

आभाळ निळंभोर होतं. फोरकास्टमध्ये पाऊस होता, पण संध्याकाळी उशिरा. दुपारचे तीन वाजत आले होते, पेट्यांचे दोनच प्लॉट मोजायचे राहिले होते. फुलं गळायच्या बेतात, त्यामुळे ते त्याच दिवशी होणं गरजेचं होतं.

आणि बाबा वर येताना दिसले.

काठी नाही, टोपी नाही. सुजलेल्या गुडघ्याने जवळजवळ धावत. जवळ आले ते धापा टाकतच.

"सामान राहू दे. खाली चला. आत्ताच्या आत्ता."

"बाबा, काय झालं? दुखतंय का कुठे?"

"वीज पडणार आहे इथे. चला!"

मी वर बघितलं. इस्लानेही. ढगाचा तुकडासुद्धा नव्हता. मला खरंच राग आला. म्हटलं, "बाबा, दोनच प्लॉट राहिलेत. अर्ध्या तासात येतो."

त्यावर त्यांनी माझ्या हातातला क्लिपबोर्ड काढून घेतला. काढून म्हणजे हिसकावूनच. सगळ्या सीझनचा डेटा होता त्यात. आणि मागे न बघता उतरायला लागले. माझ्या वह्या-पुस्तकांना ज्या माणसाने कधी विचारल्याशिवाय हात लावला नाही, तो माणूस! मी ओरडत मागे धावले. इस्ला म्हणाली, "मेट, तुझे बाबा घाबरलेत. आपण जाऊ या," आणि तीही निघाली.

निम्म्या वाटेवर वारा एकदम गार झाला. डोंगराच्या पलीकडून काळाकुट्ट ढग असा वर आला की जणू कुणी मागून ढकलतंय. झोपडीत शिरलो तेव्हा गारा सुरू झाल्या होत्या. मग तो आवाज. मी त्याचं वर्णन करू शकत नाही. माझे दात दुखले, एवढंच आठवतं.

पाऊस पत्र्यावर कोसळत होता. इस्ला म्हणाली, "त्यांना विचार ना, कसं कळलं त्यांना?"

मी विचारलं. बाबा म्हणाले, "अगं, त्या बाईंनी सांगितलं ना." आणि झोपडीत इकडेतिकडे बघायला लागले. "कुठे गेल्या? बाहेर राहिल्या की काय?"

"कोण बाई?"

सत्तरीच्या असाव्यात, बाबा सांगत होते. आखूड पांढरे केस, हिरवा लोकरीचा स्वेटर, कोपरावर वेगळ्याच रंगाच्या लोकरीने रफू केलेला. चांगला तासभर पायरीवर त्यांच्या शेजारी बसल्या होत्या. गुडघ्याची चौकशी केली. नातीचं नाव ठेवलं का विचारलं. बाबांनी माझ्याबद्दल सांगितलं, की पोरगी चांगली नोकरी सोडून गवत मोजत बसलीय, आम्हाला काळजी वाटते. त्या म्हणाल्या, मोजू दे, कुणीतरी मोजायला हवं. मग एकदम उठल्या, खिंडीकडे बघितलं आणि म्हणाल्या, तिथे वीज पडेल, मुलींना खाली आणा. पहिल्यांदा ऐकणार नाहीत... तिच्या हातातली वही घ्या, मग येईल.

 माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी अडकलं होतं.

"बाबा, तुम्ही एवढं बोललात... कुठल्या भाषेत?"

बाबांनी तोंड उघडलं आणि तसेच थांबले.

"भाषा... नाही गं आठवत. मला कळत होतं. त्यांनाही कळत होतं."

पाऊस ओसरल्यावर इस्ला आणि मी हाका मारत चारी बाजूंना फिरलो. कुणीतरी म्हातारी बाई त्या गारांत सापडली असेल, हीच भीती होती. कुणी नव्हतं. रस्त्यावर फक्त आमची गाडी. झोपडीतल्या नोंदवहीत दोन दिवसांत कुणाची नोंद नव्हती. रेंजरला फोन केला. त्याने त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी वाट धुंडाळली. बेपत्ता कुणीच नव्हतं.

सकाळी खिंडीत गेलो. तापमान नोंदवणाऱ्या यंत्राचा धातूचा खांब होता, त्याच्याभोवतीचं गवत जळून काळं पडलं होतं. आमच्या बसायच्या चटया तिथून दोन पावलांवर होत्या. इस्लाने दोन्ही चटया उचलून गुंडाळल्या. मग म्हणाली, "काल जेवताना मला पायरीवर दोन माणसं दिसली होती. मला वाटलं, तूच खाली गेलीस."

मी गेले नव्हते. मी दगडाच्या आड सँडविच खात होते. अर्थात इतक्या लांबून खात्रीने काय सांगणार... तीही तेच म्हणते.

युनिच्या रिपोर्टमध्ये एक रकाना असतो — धोका कसा लक्षात आला? मी लिहिलं, "वडिलांनी सांगितलं." सुपरवायझरने पुढे काही विचारलं नाही.

मी खूप विचार केलाय. बाबांना झोप लागली असेल, स्वप्नात लांबचा गडगडाट ऐकला असेल... मग वहीचं काय? मी न ऐकण्याचं काय? बाबा स्वतः कुठलाच तर्क लढवत नाहीत.

त्याबद्दल ते एकदाच बोलले. परत जाताना, एअरपोर्टवर. आई पुढे रांगेत होती. हळूच मला म्हणाले, "थर्मासमध्ये चहा होता गं माझ्याकडे. त्या बाई तासभर बसल्या होत्या. मी त्यांना विचारलंसुद्धा नाही."